बससाठी उभा राहिलो

फॉर्मवर ‘व्यवसाय’ असा रकाना होता, त्यात मी ‘शेतकरी’ लिहिलं. शाळेच्या ऑफिसातल्या वसईच्या बाईंनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं. पालक समितीच्या निवडणुकीला उभे राहणारे अकाउंटंट असतात, इंजिनियर असतात, गेला बाजार एखाद्या हॉटेलचे मॅनेजर तरी असतात. त्या म्हणाल्या, अंकल, इथे डेसिग्नेशन लिहायचं असतं. मी म्हटलं, माझं डेसिग्नेशन काकडी आहे, लिहू का? बाई हसल्या आणि त्यांनी फॉर्मवर शिक्का मारला. माझं डोकं तेव्हा आधीच तापलेलं होतं, नाहीतर मी असा उद्धटपणे बोलणारा माणूस नाही. म्हणजे बोलतो, पण बाईमाणसाशी नाही.

डोकं तापायचं कारण असं की शाळेची बस बंद झाली होती. मी बरक्याला एका ओमानी मालकाच्या शेतावर बावीस वर्षं आहे. काकडीची ग्रीनहाउसं, थोडा टोमॅटो, लिंबं, खजूर आणि गुरांसाठी लसूणघास. आधी हाताखालचा गडी होतो, आता सगळं शेत मीच बघतो, म्हणून बायको आणि मुलगी इथे आणता आली. हायवेपासून शेत आठ किलोमीटर आत, त्यातला शेवटचा भाग मातीचा. आमच्या आणि आजूबाजूच्या शेतांवरची, गॅरेजवाल्यांची, दुकानवाल्यांची मिळून नऊ मुलं मस्कतच्या बाजूच्या एका इंडियन शाळेत जातात. बस आत यायची, सगळ्यांना न्यायची. डिसेंबरात शाळेची चिठ्ठी आली की पुढच्या महिन्यापासून बस आत येणार नाही, पालकांनी मुलांना सकाळी सहाला हायवेच्या राउंडअबाउटवर आणून सोडावं.

कोणी आणून सोडावं? माझी बायको गाडी चालवत नाही. शेताचा पिकअप साडेपाचला काकडी घेऊन मार्केटला जातो. गॅरेजवाल्यांची बारा तासांची ड्युटी. चिठ्ठी लिहिणाऱ्याने आमचा रस्ता कधी पाहिलाच नव्हता, उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

बायकोने दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता शांतपणे सांगितलं, तिला रत्नागिरीला पाठवू, माझ्या आईकडे, तिथे शाळा घराला लागून आहे. चुकीचं काहीच बोलली नाही ती. पण माझे वडील याच वाळवंटात तीस वर्षं होते. मी त्यांना दोन वर्षांतून एकदा बघायचो, ते आले की पहिले चार दिवस त्यांना ‘अहो’ म्हणायचो, कारण ओळखच नसायची. ओळख होईपर्यंत त्यांची सुट्टी संपायची. माझी मुलगी माझ्याशी तसं वागेल या विचाराने मला खरंच भीती वाटली. मी बायकोला म्हटलं, मुलगी इथेच राहील, बस परत येईल. ती म्हणाली, कशी येईल? मला माहीत नव्हतं.

ते मला माझ्या मुलीच्या इतिहासाच्या गृहपाठातून कळलं, हे ऐकून हसाल. ती आठवीत. अमेरिकेच्या सुरुवातीच्या काळातल्या एका शेतकऱ्यावर तिला निबंध लिहायचा होता, जो पुढे राजकारणात गेला. मी म्हटलं, मला मराठीत सांग बघू. तिचं मराठी म्हणजे अडखळत चालणारं गाढव. ती म्हणाली, “अब्बा, तो फार्मर होता. तो ते… जमीन स्क्रॅच करायचा.” मी म्हटलं, नांगरायचा. “हां, नांगरायचा. त्यांच्या गावात ब्रिज नव्हता. मोठे लोक बोलायचे, होईल, होईल. मग तो इलेक्शनला स्टँड झाला.” मी म्हटलं, उभा राहिला. तर ती विचारते, “उभा? कुठे उभा?” बायको आतून हसली. मी तिला समजावलं की मराठीत माणूस निवडणुकीला उभा राहतो आणि त्याला घाबरवून किंवा गोड बोलून माघार घ्यायला लावली तर म्हणायचं की तो बसला. तिने ते मान हलवून ऐकलं. तिच्या कानात काय शिरलं ते पुढे कळलं.

त्या शेतकऱ्याचं नाव काही माझ्या लक्षात राहिलं नाही. एवढं मात्र डोक्यात बसलं की पूल पाहिजे होता म्हणून तो गडी नांगर सोडून सभेत गेला. सभेत त्याच्या कपड्यांना हसले, तरी तो गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी ठिबकच्या नळ्या साफ करताना मी ठरवलं की मीही उभा राहणार. समितीत पालकांच्या दोन जागा रिकाम्या होत्या आणि मतदान तीन आठवड्यांवर होतं.

माझा अर्बाब, म्हणजे शेताचा मालक, सत्तरीचा माणूस. स्वतः अजून खजुराच्या झाडावर चढतो, मुलं ओरडतात तरी चढतो. त्याच्याशी मी निम्मं अरबी, निम्मं हिंदी बोलतो. त्याला मी सगळं सांगितलं आणि तोपर्यंत मुलांना राउंडअबाउटवर सोडायला त्याची जुनी लँडक्रूझर मागितली. दोन फेऱ्यांत नऊ मुलं झाली असती. त्याने दाढी कुरवाळली. मग म्हणाला, “घेऊन जा. बस शहरेन.” इथल्या अरबीत ‘बस’ म्हणजे ‘फक्त’, नाहीतर ‘पुरे’. फक्त दोन महिने. त्यानंतर गाडी त्याच्या धाकट्या मुलाला हवी होती. आणि एक अट आणखी, मुलं नंतर, आधी पाणी. ते मला सांगायची गरज नव्हती. आमच्या विहिरीचं पाणी वर्षागणिक खारट होत चाललंय, पहाटेचं पाणी चुकलं की काकडी दुपारी माना टाकते.

म्हणून मी साडेतीनला उठायला लागलो. आधी पाणी, मग काकडी पिकअपमध्ये भरून द्यायची, मग मुलं. दोन्ही फेऱ्या झाल्या की बस येईपर्यंत मी मुलांबरोबर राउंडअबाउटच्या कडेला थांबायचो, कारण तिथून रेतीचे ट्रक सुसाट जातात. जानेवारीत थंडी असते, धुकं असतं, ठीक चालतं. मे महिन्यात त्याच जागी काय होईल ते डोळ्यांपुढे दिसायचं.

संध्याकाळी प्रचार. प्रचार म्हणजे मी आणि माझ्या चपला. बरक्याच्या मासळीबाजारात आमच्याकडचा एक गाववाला सुरमईचा ठेला चालवतो, त्याचा मुलगाही त्या नऊ जणांत. तो म्हणाला, मेल्या, तुला इंग्लिश येतं काय? मी म्हटलं, तुला तरी कुठे येतं, पण सुरमई विकतोसच ना? तो खळखळून हसला आणि त्याने त्या दिवसापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायला सुरुवात केली की तुमचं पोर कुठल्या शाळेत? असं करत करत बरक्याचे चाळीसेक पालक जमले. शाळेने मतदानाला प्रत्यक्ष यायला सांगितलं होतं. बस नाही म्हणून ज्यांना मत द्यायचं, त्यांनी मत द्यायला यायचं कशाने, हा विचार शाळेच्या डोक्यात आला नव्हता. मी तोही मुद्दा शाळेपुढे मांडायच्या यादीत लिहून घेतला.

मतदानाच्या बारा दिवस आधी मस्कतमधल्या अझैब्याहून फोन आला. समितीत दोन वेळा निवडून आलेले एक साहेब, मूळचे पुण्याचे, मोठ्या ऑफिसात. त्यांनी मला घरी चहाला बोलावलं. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. घर गार, सोफा इतका मऊ की बसलं की उठता येऊ नये. साहेब खरंच गोड बोलले. माझ्या शेताची चौकशी केली, कोकणातल्या आंब्याची केली. मग म्हणाले, “यावेळी तुम्ही बसा. पुढच्या वेळी आम्हीच तुम्हाला उभं करू.” आणि लगेच पुढे, त्यांच्या ऑफिसची गाडी रोज पहाटे बरक्याहून एका माणसाला घेऊन मस्कतला येते, त्यात एक सीट रिकामी असते. माझ्या मुलीला ती दारातून उचलेल आणि शाळेच्या दारात सोडेल, अगदी दहावी होईपर्यंत. मी विचारलं, बाकीच्या आठ जणांचं काय? ते म्हणाले, “अहो, सगळ्यांचं कोण बघणार? तुम्ही तुमचं बघा.”

खोटं कशाला सांगू, मला मोह झाला. मला जे हवं होतं ते सगळं त्या एका सीटमध्ये होतं. मुलगी माझ्याजवळ राहणार, बायकोची काळजी मिटणार, मला साडेतीनला उठावं लागणार नाही. मी विचार करून सांगतो म्हणालो आणि घरी आलो. बायकोने ऐकलं आणि म्हणाली, घ्या, लगेच घ्या, तुम्ही काय सगळ्या बरक्याचा ठेका घेतलाय? दोन दिवस मी गप्प होतो. मी गप्प असणं आमच्या घरात आजारपण समजतात.

तिसऱ्या दिवशी सकाळी राउंडअबाउटवर मासळीवाल्याचा मुलगा, सातवीतला, माझ्या मुलीची जड बॅग स्वतःच्या खांद्यावर घेऊन उभा होता, कारण तिचा हात दुखत होता. कोणी सांगितलं नव्हतं त्याला. मला वाटलं, उद्या ही गार गाडीत बसून याच राउंडअबाउटवरून जाईल आणि हा पोरगा इथेच उभा असेल. ती त्याच्याकडे बघेल की मान फिरवेल? दोन्हींतलं काहीही मला चालणार नव्हतं. मी तिथल्या तिथे साहेबांना फोन लावला आणि सांगितलं, चहा छान होता, पण मी बसत नाही.

एवढ्यावर भागलं असतं, पण माझ्या तोंडाने आणि माझ्या मुलीच्या मराठीने मिळून घोटाळा केला. त्या संध्याकाळी बरक्याच्या पालकांच्या ग्रुपवर कोणीतरी विचारलं की हा अझैब्याला साहेबांकडे गेला होता म्हणे, साहेब याच्या मुलीला गाडी देतायत म्हणे, काय ठरलं? माझे हात खताने भरलेले. मी मुलीला फोन दिला आणि म्हटलं, लिही, अब्बा बसणार नाहीत, काय वाट्टेल ते होवो. ग्रुपवर केरळचा टेलर होता, हैदराबादचा ड्रायव्हर होता, म्हणून तिने ते इंग्लिशमध्ये लिहिलं. काय लिहिलं ते मी बघितलं नाही.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाल्यावर मशिदीबाहेर मी मासळीवाल्याला सलाम केला, तर त्याने कसाबसा जवाब दिला आणि चपला शोधायला लागला. टेलर दुसरीकडे बघत होता. मी मासळीवाल्याचा हात धरला, काय झालं विचारलं. तो म्हणाला, “तुझी झाली ना सोय? आम्ही राहू उभे.” माझ्या मुलीला साहेबांची गाडी मिळाली, आता ती बसने जाणार नाही, असं मीच ग्रुपवर लिहिलंय, असं त्याचं म्हणणं. मी त्याच्या फोनवर ते वाचून घेतलं. माझ्या मुलीने लिहिलं होतं: ‘अब्बा सेज, नो सिटिंग इन बस. व्हॉटेव्हर हॅपन्स.’

घरी जाऊन मी आवाज चढवला. ती रडायला लागली. “तुम्हीच बोलला, बस-णार नाही,” ती म्हणाली. “बस, नाही. मी तेच लिहिलं.” महिनाभर घरात बस, बस, बस एवढंच ऐकलेलं पोर, त्याने दुसरं काय ऐकावं? मी तिला उभं राहणं आणि बसणं एकदा समजावलं होतं, तेही हसत हसत, आणि वाटलं होतं झालं काम. काकडीच्या वेलीला एकदा पाणी देऊन मी असा निघून जाईन काय? चूक माझी होती. मी तिची माफी मागितली, आणि मग बायकोला इतकं हसू फुटलं की आम्ही तिघंही हसायला लागलो.

बायको म्हणाली, ग्रुपवर आता नीट लिहा. मी म्हटलं, लिहिणं खलास, आता तोंडाने. मुलीला घेऊन मी त्या आठही मुलांच्या घरी गेलो. सगळीकडे एकच प्रश्न आला की साहेबांनी गाडी देऊ केली हे खरं की खोटं? मी सांगितलं, खरं. घ्यावीशी वाटली? वाटली. मग? मासळीवाल्याच्या दारात मी म्हटलं, “बस परत येईपर्यंत माझी मुलगी कुणाच्या गाडीत बसणार नाही. तुझ्या मुलाबरोबर उभी राहील.” बोलून गेलो आणि मग ध्यानात आलं की शब्द मी दिला, पण तो पाळायचा तिला. मी तिच्याकडे बघितलं. तिने मासळीवाल्याला सांगितलं, “हो चाचा. मी पण उभी राहीन.” यावेळी तिला शब्द बरोबर कळला होता. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि आम्हाला आत बसवून चहा पाजला.

मतदानाच्या शुक्रवारी अर्बाबने काही न विचारता लँडक्रूझर धुऊन दिली. टेलरने दुकान बंद ठेवलं, गॅरेजवाल्यांनी दुरुस्तीला आलेल्या गिऱ्हाइकांना विनवून त्यांच्या गाड्या मागितल्या. बरका मस्कतला गेलं. प्रत्येक उमेदवाराला दोन मिनिटं बोलायचं होतं. मी हिंदीतच बोललो, नऊ मुलं कुठे उभी राहतात आणि तिथून कुठले ट्रक जातात एवढंच सांगितलं, आणि विनंती केली की मत कुणालाही द्या, पण एकदा सकाळी सहाला तिथे येऊन बघा. मतमोजणीत साहेब पहिले आले, मी दुसरा. म्हणजे दोघेही समितीत, शेजारशेजारच्या खुर्च्यांवर. त्यांनी माझ्याशी हात मिळवला. माणूस वाईट नव्हता, त्याला फक्त एकेका सीटने विचार करायची सवय होती.

निवडून येणं सोपं, असं मला नंतर कळलं. समितीत सगळे म्हणायचे इन्शाल्ला, बघू. मी विचारायचो, बघायचं कधी? बसवाल्या ठेकेदाराने दोन कारणं दिली. एक, मुलं बारा तरी पाहिजेत. दोन, मातीच्या वळणावर चाकं रुततात. मला यांतलं राजकारण कळत नाही, पण पाणी पुढे जात नसेल तर आधी उतार बघायचा आणि मग नळी झाडायची, एवढं कळतं. मासळीवाल्याने बाजाराच्या मागे टॅक्सीने जाणारी पाच मुलं शोधून आणली. अर्बाबने आणि शेजारच्या दोन मालकांनी ट्रॅक्टर दिले, आम्ही सलग तीन शुक्रवार वळणावर खडी टाकली, पाणी मारलं, चोपली. मग मी ठेकेदाराला त्याच वळणावर आणलं आणि त्याच्या बसच्या ड्रायव्हरला तीन वेळा आत-बाहेर करायला लावलं. तोपर्यंत अर्बाबच्या दोन महिन्यांतले आठ दिवस उरले होते.

त्यात एक गोष्ट मला अजून सलते. नवांपैकी दोन मुलं, एकाच गॅरेजवाल्याची दोघंही, फेब्रुवारीतच आईबरोबर गावी गेली. त्यांची आई मला म्हणाली होती, भाऊ, तुमची बस येईल, पण आमचा धीर संपला. तिचा नवरा अजून इथेच आहे आणि रोज सकाळी बस जाताना गॅरेजच्या दारात येऊन उभा राहतो.

लँडक्रूझर परत करायच्या आदल्या सकाळी बस आत आली. मी पाणी देऊन, चिखलाचे पाय घेऊन फाटकाशी थांबलो होतो. खडीच्या वळणावर ती हळू झाली, डुलली आणि सरळ आली. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही, कारण बायकोही रडत होती. मुलगी चढली, तिने मासळीवाल्याच्या मुलासाठी बाजूची सीट बॅग ठेवून धरली आणि काच सरकवून डोकं बाहेर काढलं. न अडखळता, एकही इंग्लिश शब्द न घालता ती म्हणाली,

“अब्बा, बस आली. आता तुम्ही बसा.”

मी हात हलवला. बस खजुरांमागे दिसेनाशी झाली, आणि मी काही बसलो नाही, तिसऱ्या ग्रीनहाउसचं पाणी राहिलं होतं.